वेठ आणि वेतन : अजिंठ्याचा डोंगर व मेहरूणचे बांधकाम

जळगाव शहरालगतचे मेहरूण एकेकाळी तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखले जाई. आज त्याच्या शिवारात वसाहती उभ्या राहिल्या आहेत. पायाच्या खड्ड्यातून डोक्यावर पाटी घेऊन वर येणाऱ्या मजुराला येथे ‘बिगारी’ म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील इतिहास आपल्या ध्यानी येत नाही. ‘बेगार’ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करवून घेतलेले काम. त्याचाच जुना देशी भाऊ ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृत ‘विट्ठि’ आणि मराठी ‘वेठ’ अशी त्याची वंशावळ आहे. शब्द दोन हजार वर्षे टिकतो, तेव्हा त्यामागची वस्तुस्थितीही तितकीच चिवट असते.

मेहरूणपासून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. आपल्या धम्मसंस्कृतीचा तो अभिमानबिंदू होय. परंतु अभिमान हा इतिहासाचा पर्याय नव्हे. वाघोरा नदीच्या काठचा हा कातळ कोणी फोडला आणि त्याला काय मिळाले, हा प्रश्न आपण, विशेषतः आपणच, विचारला पाहिजे.

प्रथम शिलालेखांची साक्ष पाहू. लेणे क्रमांक १० च्या दर्शनी भागाचे दान वासिठीपुत कटहादी याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास दिले. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने क्रमांक १६ चे, तर भिक्खू बुद्धभद्र याने क्रमांक २६ चे लेणे करविले. हे सर्व दाते होत. कारागिरांची नावेही काही ठिकाणी आढळतात. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्यातील यक्षमूर्तीवर ती कण्हदास नामक सुवर्णकाराने घडविल्याचे कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्याला द्वार देणारा सामी हा धेनुकाकटचा सुतार होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपले काम नोंदविले आहे. यावरून कुशल कारागिरास संघाच्या वास्तूत प्रतिष्ठा होती आणि दान देण्याइतकी ऐपतही होती, असे निश्चितपणे म्हणता येते.

पण लेणे केवळ कुशल हातांनी होत नाही. अजिंठ्याचे अपूर्ण राहिलेले क्रमांक २४ चे लेणे पाहावे. छिन्नीचे घाव तेथे अजून ताजे वाटतात. छताकडून खाली खोदत यावयाचे, स्तंभांसाठी दगड राखावयाचा आणि फोडलेला सारा कातळ बाहेर वाहून न्यावयाचा, अशी ही पद्धत. तो कातळ वाहणाऱ्याचे नाव अजिंठ्याच्या एकाही लेखात नाही. त्याच्या मजुरीचा आकडाही नाही.

त्या काळी वेठ अस्तित्वात होती, याविषयी मात्र संशय नाही. मनुस्मृतीने कारागीर व शूद्र यांच्याकडून राजाने महिन्यातून एक दिवस काम करून घ्यावे असे सांगितले. इ.स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध कर, विष्टि आणि प्रणय यांनी प्रजेला न पीडता बांधल्याचे अभिमानाने नमूद करतो. वेठ न घेणे ही कीर्तीची गोष्ट ठरते, याचाच अर्थ वेठ घेणे हा परिपाठ होता. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक (जि. अमरावती) येथील ताम्रपट पाहावा. तो ब्राह्मणांना दिलेले गाव सर्व प्रकारच्या विष्टीतून मुक्त करतो. ज्या गावांना ही सूट नव्हती, त्यांनी विष्टि भरली हे उघड आहे. अजिंठा वेठीने खोदला असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु वेठीचा त्याला स्पर्शही झाला नसेल, हे म्हणणेही श्रद्धा ठरेल, इतिहास नव्हे.

मग निवाडा कोणत्या कसोटीने करावयाचा? ती कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात आदर्श यज्ञाचे वर्णन आहे. त्यात दास व कामकरी दंडाच्या भयाने, रडत काम करीत नाहीत. ज्याची इच्छा असेल तोच करतो. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, भोजन व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. वास्तू कितीही भव्य असो, ती या पाच प्रश्नांपुढे उभी केली पाहिजे.

आधुनिक काळाने या प्रश्नांना कायद्याचे बळ दिले. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगार व सक्तीचे श्रम यांना मनाई केली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत झालेल्या बांधकामांवर ठरलेल्या ९ रुपये २५ पैसे रोजातून जमादार एक रुपया कापून घेत. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले काम हेही सक्तीचेच श्रम होत. भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच, हे त्या निर्णयाचे सार आहे. बांधकाम-कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा व उपकर आला; हे विषय पुढे २०२० च्या श्रमसंहितांत समाविष्ट झाले. तरीही उचल देऊन मजुराला बांधून ठेवणारा मुकादम आपल्याला अपरिचित नाही.

आणि तो केवळ परक्यांच्या कामावर असतो असेही नाही. आपल्याच एका विहाराच्या बांधकामसमितीवर मी होतो. वर्धापनाच्या कार्यक्रमात मी सिगालोवादावर प्रवचन देत होतो. मंडपाबाहेर एक मजूर स्त्री तीन आठवड्यांच्या थकलेल्या मजुरीसाठी ठेकेदाराची वाट पाहत बसली होती. ‘ते ठेकेदाराचे काम’ असे आम्ही म्हणालो. आज त्या विहारात दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. त्या स्त्रीचे नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वेसालीच्या एका गरीब शिंप्याची कथा आहे. त्याने संघासाठी स्वहस्ते भिंत बांधली. ती वाकडी होऊन तीन वेळा कोसळली. जे दान देतात त्यांनाच भिक्खू मार्गदर्शन करतात, अशी त्याने उघड तक्रार केली. तथागतांनी त्याला दोष दिला नाही; बांधकामावर देखरेख करणारा नवकम्मिक भिक्खू नेमण्याची अनुज्ञा दिली. गरिबाच्या तक्रारीने संघाचा नियम घडला. आपल्या प्रत्येक विहारसमितीने असा एक नवकम्मिक नेमावा. त्याने केवळ भिंत सरळ आहे की नाही हे पाहू नये; हजेरीपट मांडावा, मजुरी ठेकेदाराच्या हाती न सोडता मजुराच्या हाती पडते की नाही हे पाहावे आणि पाटीवर कामकऱ्यांची नावेही कोरवावीत. अजिंठ्याची उणीव आता भरून निघणार नाही. मेहरूणची भरून काढणे आपल्या हाती आहे.