पितळी चौकटीची ओळख

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, त्याच आठवड्यात सासूबाईंची पत्र्याची ट्रंक आवरायला काढली होती. खणांच्या घड्यांखाली एका फडक्यात बांधलेली पितळेची एक वस्तू हाती लागली. एकमेकींना बिजागरीने जोडलेल्या तीन पट्ट्या. मिटल्या तर काडेपेटीहून लहान. उघडल्या की एक पट्टी खाली टेकते, दुसरी तिच्या कडेला उभी राहते आणि तिसरी वर छपरासारखी येते. खालच्या पट्टीत चौकोनी खिडकी, वरच्या पट्टीत गोल भोक.

हे काय असावे? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, निरांजनावरचे झाकण असेल. मंडळाच्या बैठकीत कोणी सोनाराचे हत्यार म्हणाले, कोणी भातुकलीतले म्हणाले. मला काहीच पटेना. जुनी भांडी मोडीत घेणारा दारावर आला, तेव्हा खरे सांगते, मी ती त्याच्या तराजूत टाकणारच होते. पण सासूबाईंनी ती खणांत जपली होती, या विचाराने हात आखडला.

मग नातवाची मोजपट्टी घेऊन बसले. खिडकीची प्रत्येक बाजू भरली बरोबर एक इंच! कडेवरच्या बारीक रेघा त्या इंचाचेच सारखे भाग दाखवीत होत्या. मोजमापाची वस्तू आहे एवढे कळले; कशाचे माप, ते कळेना.

उलगडा केला पलीकडच्या गल्लीतल्या अक्कांनी. त्यांचे माहेर पूर्व भागातले, विणकराचे. वस्तू हातात घेताच त्या म्हणाल्या, “अहो वहिनी, हे तर घडीखात्यातलं भिंग की! काच कुठं गेली ह्याची?”

काचेचा शोध घरातच लागला. आमच्या ह्यांनी हसत कबूल केले की, लहानपणी ती काढून त्यांनी उन्हात कागद जाळले होते, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता!

भगिनींनो, या भिंगाचे काम असे. चौकट कापडावर ठेवायची, वरच्या भिंगाला डोळा लावायचा आणि सुईच्या टोकाने खिडकीतले धागे मोजायचे. उभे ते ताण्याचे, आडवे ते बाण्याचे. गिरणीच्या बोलीत आडव्या धाग्याला ‘पीक’ म्हणत. इंचात किती धागे, यावर कापडाचा पोत आणि किंमत ठरते. बिजागरीमुळे भिंग कापडापासून नेमक्या अंतरावर राहते आणि मिटले की खिशात मावते. पितळच का? विणाई खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत. त्या हवेत लोखंड गंजते, पितळ टिकते.

कापडवाल्यांची ही रीत फार जुनी. सूक्ष्म जीव प्रथम पाहणारा हॉलंडचा लीवेनहुक हाही १७ व्या शतकातला कापडाचा व्यापारीच होता!

आपल्या सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, तिला आपण ‘जुनी गिरणी’ म्हणतो. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या झाल्या. आज त्या सर्वांचे भोंगे बंद आहेत. आमचे मामंजी अशाच एका गिरणीत घडीखात्यात कापड तपासायला होते, आणि अक्कांचे वडील त्याच गिरणीत मागावर होते. हे आम्हा दोघींनाही इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते!

अक्का मग हळूच म्हणाल्या, “हे टेबलावर आलं की अण्णांच्या पोटात गोळा यायचा. पीक कमी भरले की पगारातून पैसे कापायचे. त्या महिन्यात आई दुकानातनं उधारीवर ज्वारी आणायची.”

मी गप्प झाले. पीक कमी पडण्याचे कारण पुष्कळदा मागातच असते. विणलेले कापड ओढून घेणारे चाक घसरले किंवा झिजले, की धागे विरळ बसतात. भिंग धागे मोजते. चूक माणसाची की मागाची, ते सांगत नाही. १९३६ च्या वेतनाच्या कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड करू नये, असे ठरविले. पण कायदा कागदावर होता आणि भिंग टेबलावर.

“आणि आमचे मामंजी?” मी भीतभीतच विचारले.

“ते किनार सोडून तीन ठिकाणी मोजायचे, आणि अण्णांना जवळ बोलावून तुम्हीही बघा म्हणायचे. तरी पैसे कापले जायचेच. ते काही त्यांच्या हातात नव्हतं.”

एवढे बोलून अक्कांनी ती चौकट आपल्या पदरावर ठेवली आणि उघड्या डोळ्यांनीच धागे मोजू लागल्या. मी चहा ठेवायला उठले.

आता ती चौकट आमच्या काचेच्या कपाटात आहे. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या घरी गिरणीतला बिल्ला, कांडी, धोटा पडला असेल! मोडीत घालण्यापूर्वी घरातल्या, नाहीतर शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला एकदा दाखवा. पितळेला वजनाप्रमाणे पैसे केव्हाही मिळतील. सांगणारी माणसे मात्र तोवर थांबणार नाहीत.