वरी (इंग्रजी शब्द)

काळजी, चिंता या अर्थांचा इंग्रजीतील एक रूढ शब्द. (वरी या तृणधान्याच्या मराठी नावाशी त्याचा संबंध नाही.) प्राचीन इंग्रजीतील ‘विर्गन’ म्हणजे गळा आवळणे या क्रियापदापासून तो आला असून, जर्मन भाषेतील ‘व्युर्गन’ या सजातीय शब्दात तो मूळ अर्थ अद्याप टिकून आहे. मध्ययुगीन इंग्रजीत लांडग्याने वा कुत्र्याने भक्ष्याचा गळा दातांत धरून त्यास हिसडणे, असा अर्थ रूढ झाला. ब्रिटनमधील १९५३ च्या एका पशुसंरक्षक कायद्यात कुत्र्याने मेंढरांवर धावून जाण्यास हीच संज्ञा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत छळणे, मनस्ताप देणे हे अर्थ आले. तथापि या सर्व अर्थांत छळणारा बाहेरचाच असतो. सॅम्युएल जॉन्सनच्या कोशातही (१७५५) फाडणे व छळणे हेच अर्थ आढळतात. एकोणिसाव्या शतकात क्रियापद अकर्मक झाले आणि मनुष्य आपल्याच मनात झुरू लागला. हा अर्थ वाटतो तितका जुना नाही. ‘अँग्झायटी’ हा शब्दही लॅटिनमधील ‘आवळणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असून संस्कृत ‘अंहस्’ त्याचा सगोत्र होय. मराठी ‘चिंता’ मात्र ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून बनलेली आहे.