एअरप्रॉक्स, लहान विमानांचे (ढगाळ हवामानातील)

दोन विमाने हवेत एकमेकांच्या इतकी जवळ आली की वैमानिकाच्या किंवा हवाई वाहतूक नियंत्रकाच्या मते त्यांची सुरक्षितता धोक्यात आली असावी, तर त्या प्रसंगाची नोंद एअरप्रॉक्स म्हणून होते. बोलण्यात ‘नियर मिस’ हा शब्द रूढ आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (इकाओ) व्याख्येत अंतराचा आकडा नाही. अंतर, परस्परस्थिती आणि वेग पाहून संबंधिताने मत द्यायचे असते. अमेरिकेत ५०० फुटांपेक्षा कमी अंतर ही एक कसोटी मानतात, पण वैमानिकाला टकरीचा धोका जाणवला असेल तर तेवढ्यावरही नोंद घेतली जाते. येथे एक-दोन इंजिनांची खाजगी व प्रशिक्षण विमाने आणि ग्लायडर यांचाच विचार केला आहे.

ढगाचा परिणाम : ढगाचा तळ खाली उतरला की नजरेवर उडणारे सर्व वैमानिक तळ आणि जमीन यांमधल्या अरुंद पट्ट्यात एकवटतात. ग्लायडर तर उंची मिळवत मुद्दाम ढगाच्या तळाशी येतात, कारण वर चढणारी हवा त्यांना तेथवर आणते. इंजिनाची विमानेही बहुधा तळाच्या थोडेसेच खाली राहतात. दुसरी धोक्याची जागा ढगाची कड. उपकरणांच्या आधारे ढगातून जाणारे विमान कडेवर अचानक बाहेर येते. म्हणून अमेरिकेच्या नियमांत बहुतेक हवाई क्षेत्रात नजरेवर उडणाऱ्याने ढगाच्या ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला राहावे असे सांगितले आहे. तिसरी जागा ढगाचा अंतर्भाग. तेथे दोन विमाने शंभर फुटांवरून गेली तरी दोन्ही वैमानिकांना त्याचा पत्ता लागत नाही. पाहिलेच नाही, त्यामुळे अहवालही नाही. रडारवर कोणी टिपले किंवा विमानातल्या उपकरणाने इशारा दिला, तरच असा प्रसंग कागदावर येतो. उपलब्ध अहवाल म्हणूनच मुख्यतः ढगाखालच्या आणि ढगाच्या कडेच्या प्रसंगांचे आहेत, आणि त्यांच्या संख्येवरून ढगातल्या धोक्याचा अंदाज बांधणे चूक ठरते. या विषयावरील लेखनात याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

‘पाहा आणि टाळा’ तत्त्वाची मर्यादा : टकरीच्या मार्गावरचे दुसरे विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. ते सरकत नाही, त्यामुळे नजर त्याच्याकडे ओढली जात नाही, आणि त्याचा आकार शेवटच्या काही सेकंदांतच भराभर वाढतो. अमेरिकी विमान प्रशासनाच्या एका परिपत्रकात या प्रक्रियेला लागणारा वेळ दिला आहे : वस्तू दिसणे ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखणे १, टकरीचा मार्ग ध्यानात येणे ५, वळण्याचा निर्णय ४, स्नायूंची हालचाल ०.४ आणि विमानाचा प्रतिसाद २, एकूण १२.५ सेकंद. ब्रिटनमध्ये ३,००० फुटांखाली, १४० नॉटपर्यंतच्या वेगाने, ढगाबाहेर व जमीन दिसत असताना १,५०० मीटर दृश्यमानतेत उडण्याची मुभा दीर्घकाळ चालत आली. प्रत्येकी १०० नॉट वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने हे अंतर साडेचौदा सेकंदांत संपवतात. दुसरे विमान पहिल्याच क्षणी दिसले, तरच हाती दोन सेकंद उरतात. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास खात्याने १९९१ मध्ये या तत्त्वाच्या मर्यादांवर स्वतंत्र अहवाल काढला. कुठे पाहायचे हे आधी कळले असेल, तर एका सेकंदाचा शोध आठ सेकंदांच्या शोधाइतका फळतो, असे अमेरिकेतील चाचण्यांत आढळले.

ब्रिटनमधील व्यवस्था : सर्वांत सुसंगत नोंदी येथे मिळतात. ब्रिटनचे एअरप्रॉक्स मंडळ १९९९ पासून नागरी आणि लष्करी दोन्ही प्रकारचे प्रसंग एकत्र तपासते. मंडळात अनुभवी वैमानिक आणि नियंत्रक असतात. दोष कोणाचा हे ते ठरवत नाही, नावेही छापत नाही. वैमानिक मोकळेपणाने कळवतात ते यामुळेच. धोक्याचे वर्ग अ ते ई असे पाच असून ‘अ’ मध्ये टकरीचा प्रत्यक्ष धोका, तर ‘ड’ मध्ये पुराव्याअभावी निर्णय न झालेले प्रसंग येतात.

तेथील ‘जी’ वर्गाच्या मोकळ्या हवाई क्षेत्रात उपकरण-उड्डाणाची पात्रता असलेला वैमानिक नियंत्रकाची परवानगी न घेता, रेडिओवर न बोलताही ढगात शिरू शकतो. नियंत्रकाकडून मिळणाऱ्या सेवांपैकी बेसिक सेवेत त्याने विमानावर लक्ष ठेवणे बंधनकारक नाही. ट्रॅफिक सेवेत तो आसपासच्या विमानांची माहिती देतो. डीकॉन्फ्लिक्शन सेवेत अनोळखी विमानापासून ५ सागरी मैल किंवा ३,००० फूट अंतर राखण्याचा प्रयत्न होतो. तरी टाळण्याची अंतिम जबाबदारी वैमानिकाचीच. ढगात शिरणाऱ्या ग्लायडरांनी एका सामाईक रेडिओ वारंवारितेवर आपली जागा व उंची सांगायची आणि सर्वांनी पॅराशूट घालायचे, अशी ब्रिटिश ग्लायडिंग संघटनेची प्रथा आहे. ही शिस्त ग्लायडरांना एकमेकांपासून वाचवते. त्याच ढगातून जाणाऱ्या इंजिनाच्या विमानाचा वैमानिक ती वारंवारिता सहसा ऐकत नाही. काचतंतूंच्या ग्लायडरचा रडारवरील ठसाही क्षीण असतो. ग्लायडरांना ढगात जाऊ द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत.

मँगलोर, २०२० : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या मँगलोर विमानतळाजवळ (कर्नाटकातील नव्हे) १९ फेब्रुवारी २०२० रोजी पायपर सेमिनोल आणि बीच ट्रॅव्हल एअर ही दोन इंजिनांची विमाने अनियंत्रित क्षेत्रात आदळली व चौघे मृत्युमुखी पडले. एक तेथून चढत होते, दुसरे तेथे उतरत येत होते. दोन्ही उपकरण-नियमांखाली उडत होती आणि नियंत्रकाने दोघांनाही एकमेकांची माहिती दिली होती. टकरीच्या वेळी विमाने बहुधा ढगात होती. मात्र हवा मोकळी असती तरी वैमानिकांना एकमेकांची विमाने वेळेवर दिसण्याची शक्यता कमी होती, असा तपासाचा निष्कर्ष आहे. दोन्ही विमानांत एडीएस-बी (विमानाने आपली जागा रेडिओने सतत कळवण्याची पद्धत) संदेश ग्रहण करून दाखवणारी यंत्रणा असती, तर धोका खूप आधी कळला असता, हेही अहवालाने स्पष्ट सांगितले. तोंडी माहिती अपुरी पडते याचा एवढा पक्का पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो, म्हणून टक्कर असूनही हा प्रसंग येथे घेतला.

उपकरणे : स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून तयार होणारे ‘फ्लार्म’ उपग्रहांकरवी स्वतःची जागा काढते, पुढील काही सेकंदांचा मार्ग वर्तवते आणि तो रेडिओने प्रसारित करते. ग्लायडरांत त्याचा प्रसार मोठा आहे. अडचण अशी की फ्लार्म, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारे उपकरण) आणि एडीएस-बी ही परस्परांना आपोआप ओळखत नाहीत. दोन विमानांत वेगवेगळी उपकरणे असतील तर ढगात दोघेही आंधळेच राहतात. ब्रिटनने २०२० मध्ये अशा उपकरणांच्या खरेदीवर निम्मी, कमाल २५० पौंडांपर्यंतची परतफेड सुरू केली. उपकरणे सर्वत्र सक्तीची करावीत का, हा प्रश्न वादाचा आहे.

भारत : चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी झालेल्या टकरीत ३४९ जण गेले, ती विमाने मोठी होती आणि ढगाच्या वाट्याबद्दल एकमत नाही. त्यानंतर मोठ्या विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. बारामती, धुळे, गोंदिया येथील प्रशिक्षण विमाने या सक्तीत येत नाहीत.