शुभ्र भाताची कथा

जपानची राजधानी टोकिओ हिचें जुनें नांव एदो. सतराव्या शतकापासून तेथें शोगुनांची सत्ता नांदूं लागली आणि प्रांतोप्रांतींचे सरदार व त्यांचे शिलेदार चाकरीच्या निमित्तानें तेथें येऊन राहूं लागले. परंतु एक चमत्कार दिसून येई. कांहीं काळ तेथें राहिल्यावर ह्या धडधाकट माणसांचे पाय जड होत, चालतांना झोक जाई, छाती धडधडे. आणि तींच माणसें आपल्या गांवीं परतलीं म्हणजे पुष्कळदां आपोआप बरीं होत. लोकांनीं ह्या विकारास 'एदोचें दुखणें' असेंच नांव ठेविलें. त्याचें कारण हवेंत नव्हतें, पाण्यांत नव्हतें. तें ताटांत होतें. खेड्यांत कोंड्यासकट तांदूळ, जव वगैरे भरड धान्यें खाल्लीं जात. राजधानींत मात्र स्वच्छ सडलेला, मोत्यासारखा पांढरा भात प्रतिष्ठेचा गणला जाई. उत्तम आहाराची तत्कालीन रूढ कल्पना तीच होती.

आहारांत एखादी नवी लाट आली म्हणजे ती अंगीकारावी कीं नाकारावी, असा प्रश्न घरोघर उपस्थित होतो. त्याचें उत्तर शोधण्यास ह्या भाताच्या इतिहासाइतकें बोधप्रद साधन क्वचितच सांपडेल.

हें दुखणें म्हणजे बेरीबेरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या आरमाराला त्यानें जेरीस आणलें. १८८२ च्या अखेरीस 'रियूजो' हें शिकाऊ जहाज लांबच्या सफरीवर निघालें. त्यावरील ३७६ जणांपैकीं १६९ जण बेरीबेरीनें पडले व २५ दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो हे लंडनला शिकून आलेले. त्यांनीं १८८४ सालीं 'त्सुकुबा' हें दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविण्याची व्यवस्था केली; मात्र शिधा बदलला. भात कमी करून मांस, दूध, भाकरी असे पदार्थ वाढविले. ह्या सफरींत आजाऱ्यांची संख्या विसाच्या आंत राहिली आणि एकहि खलाशी मेला नाहीं. पुढें आरमाराच्या भातांत जव मिसळण्याची पद्धत पडली व रोग हटला.

गंमत अशी कीं, ताकाकींचा उपाय बरोबर होता, पण उपपत्ति चुकीची होती. भातांत नत्रयुक्त पदार्थ कमी असल्यामुळें रोग होतो, असें त्यांना वाटे. जपानी लष्करांतील वैद्यांचे धुरीण जर्मनींत शिकलेले. जंतूंच्या शोधांचा तो बहराचा काळ. तेव्हां हाहि रोग जंतूंचाच असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शिवाय पांढरा भात मिळणें हें गरीब शिपायास मोठें आमिष होतें. लष्करानें शिधा बदलला नाहीं. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धांत सुमारें २७,००० जपानी सैनिक बेरीबेरीनें मेले. अर्धवट उपपत्तीवर आधारलेल्या अनुभवानें माणसें वाचविलीं, आणि विद्वत्तेच्या अभिमानानें तीं गमाविलीं.

रोगाचें खरें मर्म उलगडण्यास कोंबड्या कारण झाल्या. जावा बेटांतील बटाव्हिया, म्हणजे आजचें जकार्ता, येथें ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरीचा जंतू शोधीत होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या लंगडूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं अकस्मात् सुधारल्या. चौकशी करतां असें आढळलें कीं, मधल्या काळांत त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील उरलेला पांढरा भात मिळत असे. पुढें आचारी बदलला. सरकारी भात खासगी कोंबड्यांना देण्याचें नव्या आचाऱ्यानें नाकारलें, आणि त्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या!

ह्या सुगाव्यावरून फोर्डरमान ह्या अधिकाऱ्यानें जावांतील १०१ तुरुंगांची पाहणी केली. तेथें सुमारें २,८०,००० कैदी होते. जेथें पॉलिश केलेला तांदूळ दिला जाई तेथें दर ३९ कैद्यांमागें एकास रोग झालेला. जेथें कोंडा शाबूत असे तेथें १०,००० मागें एकास. कोंड्यांत कांहीं जीवनावश्यक द्रव्य आहे व त्याच्या अभावींच रोग होतो, हें १९०१ सालीं ग्राइन्स यांनीं स्पष्ट मांडलें. १९१२ सालीं कासिमिर फुंक यांनीं अशा द्रव्यांस 'व्हिटॅमिन' हें नांव सुचविलें. मराठींत तींच 'जीवनसत्त्वें' झालीं. १९२९ सालीं आइकमन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

दरम्यान वाफेच्या गिरण्यांनीं पूर्वीं श्रीमंतांचा असलेला पांढरा तांदूळ मजुरांच्या ताटांत आणला होता, आणि त्याबरोबर रोगहि. मलायांत ब्रॅडन ह्या इंग्रज वैद्यास दिसून आलें कीं, पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर आजारी पडतात, परंतु उकडा तांदूळ खाणारे हिंदी मजूर बचावतात. साळ तुसासकट भिजवून उकडली म्हणजे कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या गाभ्यांत उतरतें व पुढें सडल्यावरहि बरेंचसें टिकतें. कोंकणांत आणि गोव्यांत उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला कोणीं कधीं आरोग्याची नवी लाट म्हटलें नाहीं.

१९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधी व जे. सी. कुमारप्पा यांनीं हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, त्यांत पोषण आणि खेड्यांतील हातांस काम, असे दोन्ही हेतु होते. ह्या लाटेच्या मागें प्रत्यक्ष प्रयोगांचें पाठबळ होतें.

परंतु ह्याच शोधांतून दुसरी, फसवी लाटहि निघाली. जें नसल्यानें रोग होतो, तें अधिक घेतल्यानें अधिक आरोग्य लाभेल, असा तर्क लोकांनीं बसविला आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. गाजर, पालेभाज्या भरपूर खाणारांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून फिनलंडमध्यें धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतील कित्येकांना भाज्यांतील बीटा-कॅरोटिन गोळ्यांच्या रूपानें दिलें गेलें. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो उलटाच: तें द्रव्य घेणारांत हा कर्करोग १८ टक्के अधिक! भाजीचें पुण्य गोळींत उतरलें नव्हतें.

अलीकडे पुन्हा भरड अन्नाचे दिवस आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. नाचणी, वरी, बाजरी शहरांतील दुकानांत सुबक वेष्टनांत दिसूं लागली. असडीक तांदूळहि महागानें विकला जातो. त्यांत अधिक तंतू व जीवनसत्त्वें आहेत हें खरें. कोंड्यांतील तेलामुळें तो लौकर खवट होतो हेंहि खरें. शिवाय बेरीबेरी झाला तो ज्यांच्या ताटांत भाताखेरीज फारसें कांहींच नव्हतें त्यांना. ज्या घरीं वरण, उसळ, भाजी, दूध रोज आहे, तेथें एक वाटी पांढऱ्या भातानें अनर्थ ओढवत नाहीं.

तेव्हां कोणतीहि लाट आली असतां गृहस्थानें तीन प्रश्न विचारावेत. हा गुण जावांतील तुरुंगांप्रमाणें तुलना करून पारखला आहे, कीं नुसता तर्कानें बसविला आहे? ह्यामुळें ताटांतून काय जातें व त्याची जागा कोण घेतें? आणि तें खरें ठरल्यानें लाभ खाणाराचा अधिक, कीं विकणाराचा? तिन्ही प्रश्नांस नाचणीची भाकरी सहज उतरते. महागड्या डब्यांतील चूर्णें बहुधा पहिल्याच प्रश्नास अडतात.