खाडा, उधारी आणि पॉइंट : करी रोड परिसरातील राखीव पानाचा इतिहास

मध्य रेल्वेवरील करी रोड स्थानकाच्या नावाचा आमटी-कालवणाशी काहीही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातील करी नावाच्या एका रेल्वे अधिकाऱ्यावरून ते पडले. तरीही या स्थानकाभोवतीच्या परिसराचा, म्हणजे पूर्वेकडील लालबाग आणि पश्चिमेकडील डिलाईल रोड ते लोअर परळ या पट्ट्याचा, सामाजिक इतिहास जेवणाच्या व्यवहारातून जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसऱ्या कशातून दिसत असेल. आज या भागातील उपाहारगृहांत भ्रमणध्वनीवरून टेबल राखून ठेवता येते, येणाऱ्याची संख्या व वेळ आधी कळवता येते आणि वारंवार येणाऱ्याच्या खात्यावर पॉइंट किंवा सवलत जमा होते. ही सोय नवयुगाची देणगी मानली जाते. वास्तविक जागा राखून ठेवणे, गैरहजेरीचा हिशेब ठेवणे आणि निष्ठेचा मोबदला देणे ही तिन्ही कामे याच रस्त्यांवर शंभर वर्षांपूर्वीही चालत होती. इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा प्रश्न वेगळाच आहे : जेवणारा आला नाही, किंवा आला पण त्याच्याजवळ पैसे नसले, तर तोटा कोणी सोसायचा?

खानावळीतील पान

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा प्रदेश गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कामगार मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आले आणि त्यांतील फार मोठा वर्ग बायकामुलांना गावी ठेवून आला. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत खोली घ्यायची, तीत ट्रंक व वळकटी ठेवायची आणि पाळीप्रमाणे झोपायचे, ही रीत रूढ झाली. झोपण्याची सोय अशी झाली. जेवणाची सोय खानावळीने केली.

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. बहुधा ती चाळीतील एक खोलीच असे. घरची बाई पहाटे उठून भाकऱ्या थापी आणि पाळीवरून सुटलेले कामगार पंगतीने जेवून जात. नवरा आजारी पडला, वारला किंवा बेकार झाला म्हणून हा उद्योग पत्करलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. पान महिन्याच्या बोलीवर ठरे. गावाला जायचे असेल तर आधी सांगावे लागे. सांगितलेल्या दिवसांचा ‘खाडा’ धरला जाई आणि तेवढी रक्कम हिशेबातून वजा होई. न सांगता गैरहजर राहिल्यास पान वाया गेले तरी पैसे द्यावे लागत. आजच्या आरक्षणपद्धतीतील ‘रद्द करण्याची मुदत’ याहून फारशी निराळी नाही.

फरक पडत होता तो पैशाच्या वेळेत. गिरणीतील पगार महिना भरल्यावर लगेच हाती येत नसे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेतनाचा काळ संपल्यापासून दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक केले. त्यापूर्वी तर मालकाच्या मर्जीने पगार रेंगाळत असे. नव्याने आलेला कामगार पहिला पगार मिळेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ खानावळवालीच्या विश्वासावर जेवत असे. या विश्वासाला तारण एकच : गावकऱ्याची किंवा जॉबरची, म्हणजे मुकादमाची, ओळख. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावातील उधारीच्या या जाळ्याचे आणि त्यात जॉबर, वाणी व घरमालक यांच्या परस्परसंबंधांचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यांच्या मांडणीचा आधार घेतल्यास गिरणी कामगारांच्या संपशक्तीचे एक मूळ संघटनेत, तर दुसरे शेजारच्या उधारीत होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने टिकला. याच संपाच्या काळात, मे महिन्यात, गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. ज्या कामगाराचा पगार मुळातच पुरा पडत नव्हता तो सहा महिने कशावर जगला? काही गावी परतले. जे राहिले त्यांच्यासाठी वाण्याची वही आणि खानावळवालीचे पान यांचा आधार होता. खानावळवाली स्वतः वाण्याकडून उधारीवर धान्य आणी, प्रसंगी सावकाराकडे दागिना गहाण ठेवी. अनेक वर्षे नियमाने जेवलेल्या माणसाला अडचणीच्या महिन्यांत पान नाकारायचे नाही, हाच त्या काळचा निष्ठेचा मोबदला होता. त्याची नोंद कुठल्याही कार्डावर होत नसे; परंतु संप मिटल्यावर गेलेले गिऱ्हाईक परत येते आणि आपली बाकी फेडते, या अपेक्षेवरच हा व्यवहार उभा होता.

या चित्राला गोडवा देण्याचे मात्र कारण नाही. खानावळीचे दार सर्वांना उघडे नव्हते. पंगत गावाची, जिल्ह्याची आणि जातीची असे. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाकारला जात होता आणि हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी ऐरणीवर आणला. जी रेषा यंत्राजवळ ओढलेली होती तीच पानाजवळही होती. राखीव पान हे आपल्या माणसासाठीच राखीव असे. शिवाय वाण्याचे व सावकाराचे व्याज शेवटी खानावळवालीच्याच माथी बसे. जेवणारा संघटित झाला. त्याला जेवू घालणारी स्त्री दीर्घकाळ असंघटितच राहिली.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला ठोस प्रयत्न गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून पुढे आलेल्या प्रेमा पुरव यांनी केला. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खानावळवालींचे गट करून, एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे मंडळाचे आरंभीचे मुख्य काम होते. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाचा लाभ चाळीतल्या चुलीपर्यंत पोहोचल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि या वेळी मात्र ही उधारी फिटण्याचा दिवस उजाडला नाही. कामगार गावी गेले ते परत आले नाहीत, किंवा परतले तेव्हा गिरणीत जागा उरली नव्हती. संपाच्या अपयशाची चर्चा नेत्यांच्या धोरणाभोवती फिरते. खानावळवालींच्या न फिटलेल्या वह्यांचा हिशेब त्या चर्चेत सहसा येत नाही.

गिरणीच्या आवारातील टेबल

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली. २००१ मध्ये त्यात झालेला बदल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ग्राह्य धरला. फिनिक्स, कमला, मथुरादास या गिरण्यांच्या आवारात कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे उभी राहिली. करी रोड स्थानकावर उतरणारा नोकरदार आता सूतखात्याकडे नव्हे, तर काचेच्या इमारतींकडे जाऊ लागला.

याच सुमारास जेवणाच्या आरक्षणाचे तंत्रही बदलत होते. १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या ओपनटेबलने इंटरनेटवरून टेबल राखण्याची पद्धत रुजवली. उपाहारगृहाने मासिक शुल्क आणि प्रत्यक्ष आलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम द्यायची, तर ग्राहकाने हजेरीबद्दल पॉइंट मिळवायचे, अशी तिची रचना होती. ही कल्पना विमान कंपन्यांकडून आलेली दिसते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नियमित प्रवाशांसाठी अशीच योजना सुरू केली होती. भारतात डाइनआउट ही सेवा २०१२ मध्ये आली, त्यानंतर ईझीडाइनर आली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटोने ‘गोल्ड’ हे सशुल्क सभासदत्व सुरू केले. एका पदार्थावर दुसरा मोफत, हे त्याचे आकर्षण होते. सभासदत्वाचे शुल्क मध्यस्थाकडे जाई आणि मोफत पदार्थाचा खर्च उपाहारगृहाने सोसायचा असे.

ऑगस्ट २०१९ मध्ये उपाहारगृहांनी याविरुद्ध ‘लॉगआउट’ मोहीम उघडली. गुरुग्राम येथून सुरू झालेली ही मोहीम नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाच्या पाठिंब्याने मुंबईसह इतर शहरांत पसरली. ग्राहक आपल्याशी नव्हे, सवलतीशी एकनिष्ठ होतो, ही मालकांची मूळ तक्रार होती. ती रास्तच म्हणावी लागेल. खानावळीत निष्ठा खानावळवालीशी होती आणि वही तिच्या फडताळात होती. येथे वही तिसऱ्याकडे आहे. उद्या उपाहारगृहाने सेवा सोडली तर त्याचा नेहमीचा गिऱ्हाईक कोण होता हेही त्याला नेमके सांगता येत नाही. वहीचा मालक बदलतो तेव्हाही त्याला कोणी विचारत नाही : २०२२ मध्ये डाइनआउट स्विगीकडे गेले, तर २०२४ मध्ये झोमॅटोने आरक्षणाचे काम ‘डिस्ट्रिक्ट’ या वेगळ्या सेवेकडे सोपवले.

ओळखीची जागा गुणांकनाने घेतली, यात एक लाभ निःसंशय आहे. टेबल राखताना कोणी गाव किंवा जात विचारत नाही. परंतु ज्याची क्रयशक्ती नाही त्याला दाराशी अडवण्याची गरजच पडत नाही. शिवाय गुणांकनाला सर्व काही दिसते असेही नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला; त्यानंतर महापालिकेने शहरभर अनधिकृत बांधकामांवर कारवाई केली. बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, ही माहिती तारांकित अभिप्रायांतून मिळण्याजोगी नव्हती.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, जवळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली होती. तेव्हा करी रोड स्थानकावरही लष्कराकडून पादचारी पूल बांधून घेण्यात आला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांत कार्यालयांतील अधिकारी असतात, तसेच त्यांच्या इमारतींचे रखवालदार, सफाई कामगार आणि उपाहारगृहांतील वाढपीही असतात. या दुसऱ्या वर्गाचे दुपारचे जेवण डब्यातून, वडापावच्या गाडीवरून किंवा पोळी-भाजी केंद्रातून येते. महिनाअखेरीस खिसा रिकामा झाला तर त्यांच्या नावावर पान वाढणारी वही आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही, आणि पॉइंट जमा होण्यासाठी आधी बिल भरावे लागते.