माणसें सांभाळण्याची शाळा

कारखान्यांतील यंत्र बिघडलें तर तें उघडून पाहतां येतें. माणसांमाणसांत बिघाड झाला तर काय करावें? आज महाविद्यालयांत हा विषय ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ या नांवानें शिकवितात, आणि तो प्रत्यक्ष प्रकल्पांतून शिकवावा असा आग्रह धरतात. सातारा-सांगलीकडील मंडळींना हा आग्रह नवा वाटूं नये.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनानजीकच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर नांगरांचा कारखाना हलविला. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ती हीच. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथें कल्पक इंजिनीयर झाले. शिक्षा भोगून आलेल्यांवर पहारा सोंपविला गेला. माणसाची योग्यता काम दिल्यावांचून कळत नाहीं, असा हा रोकडा विचार होता.

याच किर्लोस्करी नांगरांचे विक्रेते म्हणून भाऊराव पाटील गांवोगांव हिंडले. त्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्याचें ‘छत्रपति शाहू बोर्डिंग’ असें नामकरण झालें.

निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एका पंक्तीस बसत. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम मुलेंच करीत. भाकरी करपली तर ती सर्वांचीच करपे. आळशी सोबत्यास नुसतें रागें भरून भागत नसे. कारण उद्यां त्याच्याच हातचें जेवावयाचें असे. काम वाटून देणें, तंटा मिटविणें, अशक्तास सांभाळून घेणें, हे धडे अशा ठिकाणीं व्याख्यानावांचून मिळतात. शिवाय हा लुटुपुटीचा खेळ नव्हता. कोठींतील धान्य सरलें तेव्हां लक्ष्मीबाई पाटील यांनीं मंगळसूत्रासुद्धां आपले दागिने मुलांच्या अन्नासाठीं दिले.

१९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजानें ‘कमवा आणि शिका’ हें तत्त्व उच्च शिक्षणांत आणलें. भाऊराव १९५९ सालीं निवर्तले. ती योजना मात्र त्यांच्यामागें राहिली.

आजच्या वर्गांतील प्रकल्प पुष्कळदां कागदावर आरंभतो व कागदावरच संपतो. त्यांतील नायक चुकला तरी कोणी उपाशी राहत नाहीं. म्हणून चूकही फार काळ स्मरत नाहीं. विद्यार्थ्यांच्या हातीं खरें काम, खरे सोबती आणि खरी जबाबदारी द्यावयाची, एवढें धैर्य शिक्षकांनीं दाखविलें, तर या विषयाचें निम्में पाठ्यपुस्तक मुलें आपण होऊन लिहितील.