मिसिसिपीची माती आणि माणसें

भूमि सुपीक असली म्हणजे तिच्यावर राहणारी प्रजाही संपन्न असावयाची, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या समजाची परीक्षा पाहावयाची तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसिसिपी या राज्याकडे पाहावें. माती उत्कृष्ट, पाऊस मुबलक. आणि असें असूनही दरडोई उत्पन्नांत हें राज्य अमेरिकेंत अगदीं तळाशीं. असें कां व्हावें, याचें उत्तर भूगोलांत अर्धेंच सांपडतें. उरलेलें इतिहासांत शोधावें लागतें.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढें आणूं. राज्याची पश्चिम सीमा बव्हंशीं मिसिसिपी नदीनेंच आंखलेली आहे. उत्तरेस टेनेसी, पूर्वेस आलाबामा आणि दक्षिणेस मेक्सिकोच्या आखाताचा चिंचोळा किनारा. क्षेत्रफळ सुमारें ४८,००० चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें दोन-पंचमांश. डोंगर जवळजवळ नाहींतच. सर्वांत उंच ठिकाण अवघें ८०६ फूट. वायव्येस मिसिसिपी व याझू या नद्यांच्या मध्यें सुमारें २०० मैल लांबीचें एक सपाट मैदान आहे. त्यास तेथील लोक 'डेल्टा' म्हणतात. परंतु शाळेंत शिकवितात तो नदीमुखाचा त्रिभुज प्रदेश हा नव्हे. नदीचें मुख येथून पुष्कळ दूर, लुइझियाना राज्यांत आहे. हजारों वर्षांच्या पुरांनीं आणून टाकलेल्या गाळाचें हें मैदान असून कापसास याहून अनुकूल जमीन मिळणें कठीण.

ही भूमि मूळची चॉक्टॉ व चिकसॉ या लोकांची. १७९३ सालीं एलाय व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र शोधून काढलें आणि कापूस हें अपार नफ्याचें पीक झालें. १८१७ सालीं मिसिसिपी संयुक्त संस्थानांत सामील झालें. गोऱ्या वसाहतवाल्यांची जमिनीची भूक वाढत गेली. १८३० च्या तहान्वयें चॉक्टॉ लोकांकडून सुमारें १ कोटि १० लक्ष एकर जमीन घेण्यांत आली व त्यांतील बहुतेकांस मिसिसिपीपलीकडे घालविण्यांत आलें. वाटेंत थंडी, उपासमार व पटकी यांनीं पुष्कळ दगावले. मागें राहिलेल्यांचे वंशज आजही राज्याच्या मध्यभागीं आहेत.

जमीन मिळाली, ती कसावयाची कोणी? त्यासाठीं कृष्णवर्णी गुलाम आणण्यांत आले. १८६० च्या खानेसुमारींत राज्याची लोकसंख्या ७,९१,३०५ होती व त्यांत गुलाम ४,३६,६३१ होते. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसें दुसऱ्याची मालमत्ता म्हणून मोजलीं जात होतीं! १८६१ च्या जानेवारींत मिसिसिपीनें संघ सोडला, तेव्हां गुलामगिरीचें रक्षण हें कारण त्यानें आपल्या जाहीरनाम्यांत उघडपणें नमूद केलें. फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस हा याच राज्याचा.

येथें या कथेचा धागा आपल्या मुंबईशीं येऊन मिळतो. संघाच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, इंग्लंडच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचा भाव कैक पटींनीं चढला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, शेअरांचें वेड पसरलें. तिकडे व्हिक्सबर्ग या नदीकांठच्या उंचावरील शहरास जनरल ग्रँटनें वेढा घातला. ४७ दिवसांनंतर, ४ जुलै १८६३ रोजीं, तें शरण आलें व सारी नदी संघाच्या ताब्यांत गेली. १८६५ सालीं युद्ध संपतांच इकडे भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीही बुडाले.

युद्धानें गुलाम मुक्त झाले. १८७० सालीं हायरम रेव्हल्स हे अमेरिकेच्या सीनेटांतील पहिले कृष्णवर्णी सभासद याच राज्यांतून गेले. परंतु जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मुक्त माणूस वांट्यानें शेत कसूं लागला; बीं-बियाणें, धान्य, कापड मालकाच्याच दुकानांतून उधार घ्यावयाचें आणि वर्षाअखेरचा हिशेबही मालकानेंच करावयाचा. आपल्याकडील सावकारी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस अधिक सांगणें नको. पुढें १८९० च्या राज्यघटनेनें मतदानास कर व वाचनाची परीक्षा लावून कृष्णवर्णीयांचा मताचा हक्कही जवळजवळ हिरावून घेतला. १९२७ सालीं ग्रीनव्हिलजवळ नदीचा बांध फुटला, तेव्हां हजारों कृष्णवर्णी मजुरांस बांधावरच छावण्यांत अडकवून ठेवलें व सक्तीनें राबविलें. कारण एवढेंच कीं, गेले तर ते परत येणार नाहींत, अशी मळेवाल्यांस भीति होती.

ती भीति खोटी नव्हती. लक्षावधि लोक शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांत निघून गेले. त्यांच्याबरोबर 'ब्लूज' नांवाचें त्यांचें करुण संगीतही गेलें. १९४४ सालीं क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यांत पेरणीपासून गठ्ठे बांधण्यापर्यंत कापसाचें सारें काम यंत्रांनीं झालें, आणि मजुराची गरजच संपत चालली.

राहिलेल्यांनीं मात्र आपला हक्क मागितला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत तीन वर्षें राहून गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केलेले जेम्स लॉसन यांस १९६१ च्या मेमध्यें, वर्णभेद मोडणाऱ्या पहिल्या बसमधून येतांच, जॅक्सन या राजधानींत अटक झाली. १९६२ सालीं फॅनी लू हेमर या बाईनें मतदार होण्यासाठीं अर्ज केला, म्हणून मालकानें तिला मळ्यावरून काढून लावलें. ती मागें हटली नाहीं. १९६३ सालीं मेडगर एव्हर्स यांचा राहत्या घरापुढें खून झाला. अखेर १९६५ च्या कायद्यानें मताधिकार खरोखरीचा झाला.

आज कापसाचें राज्य राहिलेलें नाहीं. कुक्कुटपालन, सोयाबीन, लांकूड, तळ्यांतील मासे, पास्कागूलाची जहाजें आणि कँटनचा मोटारींचा कारखाना यांवर राज्याचा संसार चालतो. २०२० च्या खानेसुमारींत लोकसंख्या सुमारें ३० लक्ष भरली. शंभरांत सुमारें ३७ कृष्णवर्णी आहेत; इतर कोणत्याही राज्यांत हें प्रमाण इतकें नाहीं. त्याच वर्षीं जुन्या बंडाचें चिन्ह असलेलें निशाण उतरवून लोकांनीं मतदानानें नवें स्वीकारलें.

निशाण बदलण्यास एक वर्ष पुरलें. दारिद्र्य जाण्यास अधिक काळ लागत आहे. ज्यांना दीडशें वर्षें जमीन, विद्या आणि मत यांपासून दूर ठेवलें, त्यांच्या नातवंडांची गरिबी मातीच्या माथीं मारतां येत नाहीं. नदीनें आपलें दान दिलें होतें. त्याची वांटणी माणसांनीं केली.